पाचपैकी चार बरोबर, पण कशामुळे?

सहावीच्या वर्गात दशांश अपूर्णांकांचा पाठ नुकताच संपला होता. आमच्या गटातील एका शिक्षिकेने मोबाइलवर सोडवण्यासाठी एक छोटी चाचणी तयार केली. प्रत्येक जोडीतील मोठी संख्या निवडायची, एवढेच काम. मुलांनी घरी मोठ्या माणसांच्या मोबाइलवर ती सोडवली आणि रात्री बाईंच्या पडद्यावर सगळ्या वर्गाचे गुण आपोआप मांडून आले. चाचणी अशी होती :

(१) ०.५ की ०.७५
(२) १.२५ की १.३७५
(३) २.८ की २.८१
(४) ०.६२ की ०.४
(५) ३.७ की ३.४६

एका मुलाला पाचपैकी चार गुण पडले. त्याला हिरवी खूण, ‘शाब्बास’ आणि पुढच्या पाठाची वाट मोकळी. एका मुलीला पाचपैकी एक. तिला तांबडी खूण आणि ‘पाठ पुन्हा पाहा’ असा आदेश. दुसऱ्या दिवशी बाईंनी सहज म्हणून दोघांनाही फळ्याशी बोलावले आणि पाचव्या प्रश्नाचे कारण विचारले. मुलाने ३.४६ मोठे म्हटले होते. “बाई, सेहेचाळीस मोठे की सात?” हे त्याचे कारण. मग बाईंनी त्याचे बरोबर आलेले चार प्रश्नही पुन्हा पाहिले आणि त्यांच्या लक्षात आले, की तेही याच नियमाने आले आहेत. पंचाहत्तर पाचापेक्षा मोठे, तीनशे पंचाहत्तर पंचविसापेक्षा मोठे, एक्याऐंशी आठापेक्षा मोठे. दशांशचिन्हाच्या पुढचा भाग तो पूर्ण संख्येसारखा वाचत होता आणि पाचपैकी चार जोड्यांत तसे वाचूनही उत्तर बरोबर येत होते.

मुलीचे एकच उत्तर बरोबर होते, पाचवे. तिचे कारण असे : “शतांश दशांशापेक्षा लहान असतात, म्हणून ज्यात शतांश आहेत ती संख्या लहान.” या नियमाने ०.५ हे ०.७५ पेक्षा मोठे ठरते आणि १.२५ हे १.३७५ पेक्षा. नियम चुकीचा, पण त्यात स्थानिक किमतीची खरी जाण आहे. शतांश दशांशापेक्षा लहान असतो हे तिला कळले आहे. किती शतांश आहेत हे मोजायचे तेवढे राहिले आहे. मुलाला तर दशांश आणि शतांश ही वेगवेगळ्या आकाराची एकके आहेत याचाच पत्ता नाही. दोघांत अधिक कोणाला समजले, असे विचारले तर आम्ही मुलीच्या बाजूने कौल देऊ. यंत्राने मात्र मुलाला पुढे पाठवले आणि मुलीला मागे.

यात यंत्राचा दोष नाही, हे आधीच सांगून टाकू. त्याला जे विचारले ते त्याने चोख मोजले. दोष प्रश्नांच्या निवडीत होता, आणि तो कागदावरच्या चाचणीतही तसाच राहिला असता. फरक इतकाच, की कागद तपासताना शिक्षकाची नजर मुलाच्या खाडाखोडीवरून फिरते, आणि मोबाइल फक्त बेरीज दाखवतो. म्हणून शिकवण्यात संगणक किंवा मोबाइल आणायचा तर ‘कोणते साधन घेऊ?’ हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारावा, असे आम्हाला वाटते. मुलाच्या मनातले कारण बाहेर येईल असा प्रश्न कोणता, हे आधी ठरले पाहिजे.

एकाच चाचणीची दुरुस्ती

वरची चाचणी कशी सुधारता येईल ते पाहू. मुलाचा नियम ‘ज्यात अंक जास्त ती संख्या मोठी’ असा, आणि मुलीचा ‘ज्यात अंक कमी ती मोठी’ असा. तेव्हा तीन जोड्या अशा घ्याव्यात, की त्यांत लांब दिसणारी संख्या खरोखर मोठी आहे : ०.५ व ०.७५, २.८ व २.८१, १.२५ व १.३७५. आणखी तीन अशा, की त्यांत आखूड दिसणारी मोठी आहे : ३.७ व ३.४६, ५.३ व ५.२९, ०.६ व ०.४५१. आता दोघांनाही सहापैकी तीनच गुण पडतील. गुण सारखे, पण उत्तरे मात्र आरशातल्या प्रतिमेसारखी उलटसुलट. म्हणजे या चाचणीत बेरजेला अर्थ नाही. कोणते तीन चुकले याला आहे. आणि उत्तरांच्या नमुन्याप्रमाणे साठ मुलांचे गट पाडणे हे काम संगणक आपल्यापेक्षा फार लवकर करतो. आपण त्याला बेरीज करायला लावतो, हेच चुकते.

०.४ आणि ०.४० ही सातवी जोडी ‘दोन्ही समान’ या पर्यायासह घालावी. ज्या जोड्यांत अंकांची संख्या सारखी असते (३.२५ व ३.५२), त्या मात्र या कामाला निरुपयोगी. त्या दोघांनाही जमतात. पाठ्यपुस्तकातील रुपये-पैशांची उदाहरणे बहुधा याच जातीची असतात. १.५० रुपये म्हणजे एक रुपया पन्नास पैसे. दशांशचिन्ह जणू रुपये आणि पैसे यांच्यामध्ये उभारलेली भिंतच. पैसे नेहमी दोन अंकांत लिहायचे असल्याने मुलाच्या नियमाला कधी धक्का बसत नाही. क्रिकेटची षटके तर याहून घोटाळ्याची. ४.३ षटके म्हणजे चार षटके आणि तीन चेंडू, तेथे ४.५ नंतरच्या चेंडूला थेट ५ षटके होतात. मुले हे रोज पाहतात, आणि आपण वर्गात त्याचा उल्लेखही करत नाही.

आता या दोघांना शिकवायचे कसे? उपाय एकच नाही. मुलासाठी दहा भाग केलेली पट्टी, मग त्यातल्या प्रत्येक भागाचे दहा भाग. सात दशांश म्हणजे सत्तर शतांश हे त्याने स्वतः मोजून पाहिले पाहिजे. मुलीसाठी संख्यारेषा बरी : २.८ वर बोट ठेवून एक शतांश पुढे सरकायचे. ‘शेवटी शून्य लावून अंक सारखे करा आणि मग तुलना करा’ ही युक्ती आपण सगळेच सांगतो. पण ३.७ चे ३.७० केल्यावर मुलाचा तोच चुकीचा नियम (सत्तर मोठे की सेहेचाळीस?) दर वेळी बरोबर उत्तर देऊ लागतो. चाचणीत शंभर टक्के, समज जिथल्या तिथे. ही युक्ती सांगावी, पण शेवटी सांगावी.

बेनीची गोष्ट

बरोबर उत्तरांच्या मागे चुकीचे नियम लपून राहतात, हे १९७३ साली स्टॅनली अर्लवॅंगर यांच्या एका निबंधाने शिक्षणक्षेत्रासमोर ठळकपणे मांडले. अमेरिकेतील पिट्सबर्ग विद्यापीठाच्या संशोधन केंद्रात १९६० च्या दशकात एक व्यक्तिगत अध्ययनाची योजना तयार झाली होती. प्रत्येक मुलाने आपल्या गतीने कार्यपुस्तिका सोडवायच्या, उत्तरे उत्तरसूचीशी ताडून पाहायची, ८० टक्के जमले की पुढची पायरी. काम बहुतेक कागदावरचे, पण आजच्या बऱ्याच ॲपचा सांगाडा हाच आहे. वर्गातील सर्वांना एकाच गतीने चालावे लागते आणि उत्तर बरोबर की चूक हे दुसऱ्या दिवशी कळते, ही बी. एफ. स्किनर यांची १९५० च्या दशकातील तक्रार होती, आणि तिच्यातूनच त्यांचे शिकवण्याचे यंत्र आले. ती तक्रार खोटी नव्हती. पिट्सबर्गची योजना तिलाच उत्तर देत होती.

बेनी हा या योजनेत दुसरीपासून शिकणारा, बारा वर्षांचा, सहावीतला मुलगा. त्याच्या शिक्षिकेच्या मते गणितात चांगल्यांपैकी एक. अर्लवॅंगर यांनी त्याच्याशी बसून बोलणे केले तेव्हा दिसले ते असे : २/१० दशांशात कसे लिहायचे? अंश व छेद यांची बेरीज बारा, म्हणून १.२. ५/१० म्हणजे १.५. मग ४/११ म्हणजेही १.५ आणि ११/४ म्हणजेही १.५, आणि यात त्याला काही वावगे वाटत नव्हते. ०.३ आणि ०.४ यांची बेरीज तो ०.०७ करी, कारण दोन्ही संख्यांत मिळून चिन्हापुढे दोन अंक आहेत. गुणाकारातला हा नियम त्याने बेरजेत आणला होता.

आम्हाला याहून अधिक चटका लावते ते त्याचे गणिताविषयीचे मत. त्याने १/२ ऐवजी २/४ लिहिले तर उत्तरसूचीत ते चूक ठरे, जरी दोन्ही सारखे आहेत हे त्याला ठाऊक होते. त्यावरून त्याने निष्कर्ष काढला, की सगळीच उत्तरे एका अर्थी बरोबर असतात. उत्तरसूचीत कोणते लिहिले आहे ते शोधून काढणे म्हणजे गणित. नियम कोणीतरी बसवलेले असतात, आणि ते खूप असतात. पाच वर्षांत या मुलाला ‘असे का केलेस?’ हे पुरेशा खोलवर कोणी विचारलेच नव्हते. योजनेत शिक्षकाने मुलाकडे जायचे ते त्याने मदत मागितली तर. बेनीला मदत लागतच नव्हती.

तीन दिवे

आता मुलांकडून वळून मोठ्या विद्यार्थ्यांकडे जाऊ. एरिक मझूर १९८४ पासून हार्वर्ड विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकवत होते, आणि विद्यार्थ्यांचे अभिप्राय उत्तम येत होते. १९९० साली त्यांच्या वाचनात हलून आणि हेस्टेनिस यांचे १९८५ मधील काम आले. नेहमीच्या पद्धतीने शिकवल्यावरही बल आणि गती यांविषयीच्या विद्यार्थ्यांच्या मूळ कल्पना फारशा बदलत नाहीत, असे त्यात दाखवले होते. आपल्या विद्यार्थ्यांना ही गोष्ट लागू नसेल असे मानून त्यांनी तीच चाचणी दिली आणि निकाल पाहून ते चकित झाले. पुढे त्यांनी एकाच परीक्षेत विद्युत परिपथावर दोन प्रश्न ठेवले. एक रोध आणि घट देऊन विद्युतधारा व विभवांतर काढण्याचा, समीकरणांचा. दुसरा साधा दिसणारा. तो येथे आमच्या शब्दांत देतो.

सारखे तीन दिवे, क, ख आणि ग, एका बॅटरीला एकसर जोडणीत जोडले आहेत. ग च्या दोन टोकांना जोडणारी एक तार आहे आणि तिच्यात कळ आहे. कळ उघडी असताना तिन्ही दिवे सारखे पेटतात. कळ बंद केली, म्हणजे त्या तारेतून मार्ग पूर्ण झाला, तर क आणि ख यांचे काय होईल?

(अ) अधिक प्रखर होतील
(आ) पूर्वीइतकेच राहतील
(इ) मंद होतील
(ई) विझतील

पुढे वाचण्यापूर्वी आपण आपले उत्तर आणि कारण लिहून ठेवावे.

तारेचा रोध नगण्य असल्याने ग विझतो. परिपथात आता तीनऐवजी दोनच दिव्यांचा रोध उरतो. दिव्याचा रोध तापमानाप्रमाणे बदलतो ही गोष्ट क्षणभर बाजूला ठेवली, तर विद्युतधारा दीडपट होते, क आणि ख यांच्या वाट्याला बॅटरीच्या विभवांतराच्या एक तृतीयांशाऐवजी निम्मे विभवांतर येते आणि प्रत्येकाची शक्ती सव्वादोनपट. म्हणजे (अ). मझूर यांच्या विद्यार्थ्यांना समीकरणांच्या प्रश्नात या प्रश्नापेक्षा सरासरी जास्त गुण मिळाले, आणि समीकरणे नीट सोडवणारे कित्येक जण येथे अडले. यातील प्रत्येक चुकीच्या पर्यायाला एक चेहरा आहे. (आ) निवडणाऱ्याला बॅटरी कायम तेवढीच विद्युतधारा देते असे वाटते. (ई) निवडणाऱ्याने ‘शॉर्टसर्किट’ हा शब्द ऐकला आहे, पण ते कशाच्या टोकांना झाले हे पाहिले नाही. (इ) निवडणाऱ्याच्या मते वीज त्या तारेने खाल्ली. चार पर्यायांपैकी तीन केवळ भरतीचे असतील तर बहुपर्यायी प्रश्न निकामी. असे असतील तर तोच प्रश्न बरेच काही सांगतो.

मझूर यांची पद्धत आता बरीच पसरली आहे. थोडे शिकवायचे, असा एक प्रश्न टाकायचा, प्रत्येकाने आधी एकट्याने उत्तर द्यायचे. साधारण ३० ते ७० टक्के विद्यार्थ्यांचे उत्तर बरोबर आले तर ते न सांगता शेजारच्याशी वाद घालायला सांगायचे आणि मग पुन्हा उत्तर घ्यायचे. त्याहून कमी बरोबर असतील तर वाद घालायला पुरेसे भांडवलच नाही, पुन्हा शिकवावे. त्याहून जास्त असतील तर थोडक्यात खुलासा करून पुढे जावे. दुसऱ्या वेळी बरोबर उत्तरे वाढतात ती हुशार शेजाऱ्याचे पाहून, अशी शंका कोणालाही येईल. अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठात २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात चर्चेनंतर त्याच कल्पनेवरचा दुसरा प्रश्न पुन्हा एकट्याने सोडवायला दिला गेला. त्यातही विद्यार्थी सुधारलेले दिसले. आणि ज्यांच्या गटात सुरुवातीला कोणाचेच उत्तर बरोबर नसावे, असेही विद्यार्थी सुधारले. आपल्या वर्गात हीच खबरदारी घेता येते : वादाचा प्रश्न वेगळा, गुणांचा वेगळा.

साधनाची पाळी

येथे साधन येते. अशा वर्गांसाठी प्रत्येक विद्यार्थ्याच्या हातात बटणांचे छोटे यंत्र देतात, दाबले की उत्तर शिक्षकाच्या संगणकावर उमटते. नेथनिएल लाझ्री यांनी कॅनडातील एका महाविद्यालयात ही यंत्रे आणि साधी पुठ्ठ्याची कार्डे यांची तुलना केली. शिकवण्याची पद्धत दोन्हीकडे मझूर यांचीच. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात विद्यार्थ्यांच्या शिकण्यात फरक आढळला नाही. काम पद्धतीने केले होते. यंत्राने शिक्षकाची मोजदाद आणि नोंद सोपी केली, आणि तेही काही कमी नाही.

आमचा अनुभव असा, की नुसते हात वर करायला सांगितले तर मुले आधी वर्गातल्या पहिल्या नंबराकडे पाहतात. चार रंगांची कार्डे छातीशी धरून एकदम वर करायला सांगितली तर ही चोरी पुष्कळ कमी होते. तीस मुलांपर्यंत एवढे पुरते. साठ मुले असतील, किंवा मागच्या महिन्यात कोणाचा कोणता नियम होता ते पुन्हा पाहायचे असेल, तर नोंद ठेवणारे साधन हवे. प्लिकर्स नावाच्या पद्धतीत मुलांकडे छापील कार्डच असते, ते कोणती बाजू वर करून धरले यावरून उत्तर ठरते, आणि शिक्षकाच्या एकाच मोबाइलचा कॅमेरा सगळ्यांची उत्तरे टिपतो. ज्या घरात एकच मोबाइल आहे आणि तो वडिलांबरोबर कामावर जातो, तेथील मुलाला ही सोय मोठी. सुरुवातीच्या चाचणीत त्या मुलीने रात्री दहा वाजता घाईत उत्तरे दिली होती, हेही बाईंना नंतर कळले.

दिव्यांच्या प्रश्नात संगणकाचे काम याहून वेगळे आणि आमच्या मते अधिक मोलाचे आहे. कार्ल वीमन यांनी, नोबेल पारितोषिक मिळाल्याच्या पुढच्या वर्षी, २००२ साली कोलोरॅडो विद्यापीठात ‘फेट’ हा प्रकल्प सुरू केला. त्यात पडद्यावर तारा, दिवे, बॅटऱ्या जोडून परिपथ बनवता येतो आणि तारेतून सरकणारे विद्युतकण दिसतात. तेथीलच २००५ च्या एका अभ्यासात पडद्यावर प्रयोग केलेले विद्यार्थी संकल्पनांच्या प्रश्नांत तर पुढे होतेच, पण खरा परिपथ जोडण्यातही प्रत्यक्ष साहित्यावर शिकलेल्यांपेक्षा सरस ठरले. कारण समजण्यासारखे आहे. खरे तीन दिवे कधी अगदी सारखे नसतात. पहिला जरा प्रखर दिसला की ‘पहिल्याला जास्त वीज मिळते’ हा समज मुले पक्का करून घेतात. तरीही खरे दिवे सोडू नयेत. सैल जोड शोधायला पडदा शिकवत नाही. मात्र आता टॉर्चमध्ये एलईडी असतात, आणि या प्रयोगाला ते चालत नाहीत, कारण एलईडी साध्या रोधासारखा वागत नाही. तंतूचे छोटे दिवे प्रयोगशाळेच्या साहित्याच्या दुकानातून मागवावे लागतील. आधी पर्याय निवडून कारण वहीत, मग पडदा, मग खरे दिवे, असा क्रम आम्ही ठेवतो. वहीतले कारण लिहिण्याआधी पडदा दाखवला तर सगळी मुले ‘मला हेच वाटले होते’ असे म्हणतात.

मुलाच्या पातळीनुसार प्रश्न बदलणाऱ्या प्रणालींबद्दल आम्ही वर बेनीच्या निमित्ताने कठोर बोललो, म्हणून दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. दिल्लीत माइंडस्पार्क या प्रणालीवर शाळेनंतरच्या केंद्रांत सुमारे साडेचार महिने एक प्रयोग झाला. मुरलीधरन, सिंग आणि गॅनिमियन यांनी २०१९ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. माध्यमिक वर्गातील ही मुले आपल्या इयत्तेच्या कितीतरी मागे होती. प्रणालीने त्यांना ती जिथे होती तेथून शिकवले, आणि स्वतंत्र चाचणीत गणित व हिंदी दोन्हींत त्यांची प्रगती ठळक दिसली. शाळेच्या परीक्षेत मात्र गणितातली प्रगती उमटली नाही. ज्याला पाचवीचे येत नव्हते त्याला आता ते येऊ लागले, तरी आठवीची प्रश्नपत्रिका त्याची दखल घेत नाही. शिकवण्याची पद्धत बदलली आणि मूल्यमापन तेच ठेवले, तर मुलाची मेहनत कागदावर शून्यच दिसते.

हे सगळे ३५ मिनिटांच्या तासात कसे बसवायचे, हे आपण विचाराल. दिव्यांसारख्या एका प्रश्नाला, एकट्याने विचार, वाद, पुन्हा उत्तर आणि खुलासा धरून, बारा-पंधरा मिनिटे लागतात. म्हणजे तासाला दोन. आम्ही सुरुवातीला तासाला पाच बसवायला गेलो आणि वादच गाळले गेले. तेव्हा एका प्रकरणासाठी चार-पाच प्रश्न, तेही दोघा-तिघा शिक्षकांनी मिळून तयार केलेले. चुकीचे पर्याय स्वतःच्या डोक्यातून काढू नयेत. आदल्या वर्षीच्या मुलांच्या वह्यांत ते तयार मिळतात. वह्या रद्दीत जाण्याआधी चाळून ठेवाव्यात. बाईंनी दशांशाची नवी चाचणी अशीच, जुन्या वह्या पुढ्यात घेऊन केली, आणि प्रत्येक प्रश्नाखाली एक रिकामी ओळ ठेवली : ‘कारण’.